गिरिजाअक्कांनी दाखवलेलं ऊन

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी खो-खोच्या मैदानाच्या कडेला उभी होते. माझी स्वरा खांबाला वळसा घालून सुसाट पळत होती आणि पोरी घसा फाटेपर्यंत ओरडत होत्या. त्या गलक्यात अक्कांच्या यजमानांचा आवाज कसाबसा ऐकू आला, "झोपेतच गेली गं..." फोन कानाला तसाच धरून मी स्वराचे पाय बघत राहिले. धुळीने माखलेले, काटक, सरळ पाय. ते असे आहेत ते अक्कांमुळे.

अक्का म्हणजे डॉक्टर गिरिजाअक्का, लहान मुलांच्या डॉक्टर. माहेर अक्कलकोटकडचं. घरात कानडी, दवाखान्यात मराठी, आणि आनंद झाला किंवा राग आला की दोन्ही एकदम! रंगाने काळ्या, अंगाने भरदार. त्या हसल्या की बाहेरच्या रिक्षावाल्यालाही कळायचं.

आमची ओळख स्वराच्या पायांमुळे झाली. ती दोन वर्षांची होत आली तरी बदकासारखी डुलत चालायची. उभी राहिली की गुडघे बाहेर वळायचे, पाय धनुष्यासारखे दिसायचे. सासूबाई म्हणायच्या, "मालिश कमी पडतीया." एका नातेवाइकांनी तर ऑपरेशनशिवाय इलाज नाही, असं सांगून टाकलं. त्या दिवसापासून मी तिला फ्रॉक घालणं सोडलं. लांब पायजमा घातला की निदान लोकांच्या नजरा तरी चुकायच्या...

अक्कांनी तिला चालवून पाहिलं, मनगटाचा एक्स-रे आणि रक्ताची तपासणी करायला लावली. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "ड जीवनसत्त्व फार कमी आहे. त्यामुळे हाडांत कॅल्शियम भरत नाही. ती मऊ राहतात, अंगाच्या भाराने वाकतात. मुडदूस म्हणतात याला."

"सोलापुरात मुडदूस? अक्का, इथं उन्हाला काय तोटा?"

"ऊन रस्त्यावर आहे गं. तुझी पोरगी कुठं असते?"

पोरगी तिसऱ्या मजल्यावर, ओढलेल्या पडद्यांमागे, कूलरच्या वाऱ्यात वाढत होती. तरी मी म्हटलंच, "गॅलरीच्या काचेतून येतं की ऊन."

"काचेतून उजेड येतो. हाडाला हवं असतं ते काचेबाहेरच अडतं."

एवढा वेळ दम धरून बसलेल्या सासूबाईंनी आता तोंड उघडलं. "डॉक्टरीणबाई, पोरीची जात हाय. उनात काळी पडली तर पुडं कसं व्हायचं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्का मात्र खुर्ची ओढून सासूबाईंच्या समोर बसल्या आणि स्वतःचा दंड पुढे करून म्हणाल्या, "आजी, माझ्याकडं बघा की. लई काळी हाय मी. काय अडलं माझं?" त्यावर सासूबाईच अशा हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. तो वाद तिथंच मिटला.

"आणि ऑपरेशन?" मी भीत भीत विचारलं.

"आधी हाडाला खायला तर घाल! वाढतं हाड आहे, वाढता वाढता सरळ होईल. नाहीच झालं तर बघू. औषध मात्र मी सांगेन तेवढंच. जास्त पाजलं तर बाधतं."

मग सुरू झाले गच्चीवरचे दिवस. ऊन फार तापायच्या आत सासूबाई स्वराला वर न्यायच्या. हात-पाय उघडे, अंगात झबलं. दुधाबरोबर नाचणीची खीर आणि तिळाची चटणीही आली. रविवारी अक्का स्वतः टपकायच्या, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. तपासणी बाजूला राहायची आणि लपंडाव रंगायचा. पाण्याच्या टाकीमागे लपलेल्या अक्का अर्ध्या बाहेरच दिसायच्या, पण स्वराला त्या कधीच सापडायच्या नाहीत! हळूहळू बिल्डिंगमधली सगळी पोरं वर यायला लागली.

तीन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. आधी विस्कटल्यासारखी दिसणारी हाडाची कड आता रेघ ओढल्यासारखी स्वच्छ होती. अक्का तो उजेडात धरून ओरडल्या, "छलो आतु!" कानडी न येणाऱ्या मलाही छान झालं हे कळलं. पायांनी मात्र त्यांचा वेळ घेतला. मध्ये दोन दिवाळ्या गेल्या. तिसऱ्या दिवाळीला मी स्वराला पिवळा फ्रॉक शिवला. तो घालून ती दवाखान्यात शिरली, तेव्हा अक्कांनी हातातलं सगळं टाकून तिच्याबरोबर फुगडी घातली. बाहेर पेशंट ताटकळले होते, पण तक्रार कुणीच केली नाही.

परवा सासूबाईंना घेऊन अक्कांच्या घरच्यांना भेटायला गेले. दवाखान्यात आता त्यांची सून बसते. आत पंखे आहेत, गुबगुबीत खुर्च्या आहेत. तरी बाळं घेऊन आलेल्या बायका अंगणातल्या ओट्यावर बसल्या होत्या, बाळांच्या बाह्या वर सारून. "आत काय बसलात अंधारात? बाहेर बसा, नंबर आला की हाक मारते," असं म्हणून अक्का वर्षानुवर्षं सगळ्यांना बाहेर पिटाळायच्या. आता कुणी पिटाळत नाही, तरी बायका तिथंच बसतात. फाटकातून एक नवखी आई आली, बाळ टॉवेलात गच्च गुंडाळलेलं. कुठं बसावं ते तिला उमजेना. सासूबाईंनी जरा सरकून ओट्यावर हात थोपटला.

"ये गं, हितं बस. हितं ऊन हाय."