डिचोलीची काच, पणजीचे कागद

काचेच्या कामात फुटके तुकडे साठतात, तसेच किस्सेही. तुकडे पुन्हा भट्टीत टाकता येतात. किस्से मात्र कुणी 'काय, कसं काय?' विचारलं की तोंडातून बाहेर! बायको म्हणते, तुमचं डिचोलीचं पुराण सुरू झालं की ताटातलं माशाचं हुमण गार होतं. होऊ दे.

गोवा राज्य झालं त्या सुमारास दत्तबाबांनी डिचोलीत पेपरवेटचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे एक शेड, एक भट्टी, कारागीर आपा आणि स्कूटरवरून माल पोचवणारा मी. दत्तबाबांचे ट्रक खाणीवर चालायचे. त्यांचा काचेशी संबंध चष्म्यापुरता. आपा मूळचे सावंतवाडीकडचे. पुण्याकडे औषधाच्या बाटल्या काढून काढून कंटाळले होते. काचेच्या गोळ्यात रंगीत फुलं बसवायला मिळणार, या एका आशेवर आले.

हाच धंदा का, असं मी दत्तबाबांना विचारलं. म्हणाले, "राज्य जालें म्हणटकच ऑफिसां वाडटलीं. ऑफिसांत कागद आनी पंखो एकठांय आयले, की आमचो धंदो."

विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवतात म्हणे.

*

पहिली मोठी ऑर्डर पणजीच्या एका ऑफिसची. काचेच्या आत गोव्याचा नकाशा हवा. आपांनी रंगीत काचेचा नकाशा केला, त्यावर वितळलेली काच ओतली. गरम काचेनं नकाशा वरच्या बाजूनं ओढला आणि उत्तर टोकाचा अख्खा पेडणे तालुका वितळून गेला. आम्हाला कळलं तेव्हा माल समारंभात वाटूनही झाला होता. एकाही साहेबाच्या लक्षात आलं नाही.

आपांना दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी मी पेडण्यातल्या चोपड्याच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला तो पेपरवेट दाखवला आणि तुमचा तालुका आमच्याकडून गेला, असं सांगितलं. त्यानं तो उन्हात धरून नीट पाहिला.

"चुकूंक ना," तो म्हणाला. "रस्ते करतना, उदक दितना सायब होच नकासो वापरतात."

*

मग मराठी की कोंकणी, हा भाषेचा वाद पुन्हा पेटला. मराठीवाल्या एका मंडळाचे सेक्रेटरी आले. पेपरवेटमध्ये पांढऱ्या अक्षरांत 'आमचे राज्य' हवं म्हणाले. आपांनी अक्षरं सुरेख जमवली, पण निम्म्या मालात नेमका 'चे'च्या डोक्यावर हवेचा बुडबुडा अडकला. झालं 'आमचें राज्य'. म्हणजे शुद्ध कोंकणी!

सेक्रेटरी संतापले. हा कट आहे, आतला माणूस कोण ते सांगा, म्हणून तासभर भांडले. मराठीच्या बाजूनं भांडत होते, पण भांडत होते कोंकणीत. रागात माणूस घरच्याच भाषेत येतो, त्याला इलाज नाही.

दत्तबाब शांत. बुडबुड्याचा माल त्यांनी कोंकणीवाल्यांना दिला, बिनबुडबुड्याचा मराठीवाल्यांना. एक नग शिल्लक राहिला नाही. दोन्हीकडच्यांनी आपांना गाठून विचारलं, तू कुणाच्या बाजूचा?

आपा म्हणाले, "भांडाण तुमचा. बुडबुडो माझो."

बुडबुडा राहिला याचंच त्यांना वाईट वाटत होतं. राज्य कुणाचं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

*

एक पुढारी कारखाना बघायला आले, सोबत फोटोग्राफर. काच फुंकतानाचा फोटो पाहिजे म्हणाले. आता पेपरवेट भरीव. त्याची काच उचलायची सळईसुद्धा भरीव, तिच्यात फुंकणार काय? पण दत्तबाबांनी डोळे वटारले, तशी आपांनी सळई पुढे केली. पुढाऱ्यांनी गाल फुगवून सळईत फुंकलं, फोटो निघाला, टाळ्या पडल्या. जाताना म्हणाले, सोपं आहे की.

गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर आपा एवढंच बोलले, "साहेब बरो फुकता. भोक नसतानाय."

*

हरमलच्या किनाऱ्यावर एका शॅकमध्ये आम्ही विक्रीला माल ठेवायचो. आपांची उत्तम फुलं तिथं महिनोनमहिने धूळ खात पडली. टवका उडालेला एक नग दत्तबाबांनी लाल मातीत पुरला, पावसाळ्यानंतर काढला आणि 'पोर्तुगीज जमान्यातला' म्हणून ठेवला. तो त्याच आठवड्यात गेला. घेणारा गोरा जुन्या वस्तू जमवणाऱ्यांतला होता. घरी कपाटभर पेपरवेट आहेत म्हणाला. आपा तिथंच होते. त्यानं आदरानं विचारलं, हा तुमच्या आजोबांनी केला का?

शॅकवाल्यानं प्रश्न सांगितला. आपा म्हणाले, "माझ्या आज्याकडे कागदच नव्हतो. पेपरवेट कित्याक करतलो?"

शॅकवाल्यानं भाषांतर केलं, "येस, ग्रँडफादर."

*

आपांचं सगळ्यात सुंदर काम सुर्ल्याला गेलं. मोठा, पाण्यासारखा स्वच्छ घुमट आणि आत भाताचं एक हिरवं कणीस. कितीतरी वेळा फोडून पुन्हा केलेलं. दत्तबाबांनी तो तिथल्या एका खाणीच्या मॅनेजरला भेट दिला. ट्रक चालायचे ना त्या खाणीवर.

महिन्याभरात निरोप आला, कारागिराला घेऊन ताबडतोब या. खिडकीतून सकाळचं ऊन घुमटावर पडलं होतं, भिंगातून एका जागी जमलं होतं, आणि खालची फाईल जळून गेली होती. ट्रक बंद होणार म्हणून दत्तबाब घामाघूम. आपा स्कूटरवर माझ्या मागे बसून वाटभर म्हणत होते, मी परत बाटल्या काढूक जातंय.

मॅनेजरच्या टेबलावर काळा डाग होता. पेपरवेट मात्र शाबूत, त्यातलं कणीस हिरवंगार. आपांनी हात जोडले आणि कसली फाईल होती, विचारलं. खाणीची माती शेतात गेली म्हणून गावकऱ्यांनी दिलेले अर्ज, मॅनेजर म्हणाला. वर्षभराचे.

मग त्यानं आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला, सोबत पावही. चहा संपेपर्यंत पेपरवेट हातात फिरवत राहिला.

"आमच्या पणजेच्या ऑफिसाक असोच एक करून दी," तो म्हणाला. "पूण थंय खिडकी अस्तंतेक आसा, सूर्य सांजेचो येता. चलता मूं?"