काचेच्या खोलीतले बोंबील

गावाचा विकास करायला मला पस्तीस दिवसांची रजा मिळाली होती.

चौदा वर्षं मी दोहाला एसी बसवतोय. (खोलीतली हवा बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढीच माझी विद्या!) आणि इकडे श्रीवर्धनजवळच्या आमच्या कोळीवाड्यात माझी सत्तरीची आई भर उन्हात काठी घेऊन सुकत्या बोंबलांवरचे कावळे हाकलत बसायची. व्हिडिओ कॉलवर ते बघवायचं नाही. दोहातल्या गाववाल्यांच्या ग्रुपवर ठराव झाला, गावासाठी काहीतरी करायचंच. काय करायचं, ते मी ठरवलं!

आल्या आल्या अंगणात बोंबील सुकवायला काचेची खोली उभी केली. आईने तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"अरं, वारा कुठनं येनार?"

"वाऱ्यासंगं वाळू येते, आये! एक फट ठेवली न्हाय."

"बोंबील म्हंजे निस्तं पानी. त्याला वारा लागतो."

"आये, ह्ये सायन्स हाय!"

आमच्याकडे बोंबील जोडीने सुकतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून आडव्या बांबूवर टांगायचे. मी त्यांना स्टीलच्या ट्रेमध्ये मानाने झोपवलं. "पोरगा लांबून आलाय," म्हणत आईने त्या दिवशीची सगळी पाटी माझ्या हवाली केली होती.

दुपारी ग्रुपवर थेट प्रक्षेपण! काचा आतून पांढऱ्या झाल्या.

"धूर कसला रं?" दोहाहून विचारणा झाली.

"काम चालू हाय!" मी ठणकावलं.

दार उघडलं. आत बोंबील नव्हते, पेज होती! वासासरशी वाड्यातली सगळी मांजरं हजर. शेजारची चंद्रीकाकी आत डोकावली. "मीठ घातलंस काय रं?"

आईने ट्रे घासायला घेतले, त्यामुळे मला जास्त लाज वाटली. संध्याकाळी तिने आपली काठी माझ्यापुढे धरली.

"कावळं तरी हाकलशील?"

"हाकलीन!" मी निर्धाराने म्हणालो. आईला उन्हात बसू द्यायचं नाही म्हणजे नाही!

उरलेली रजा मी डोक्याला टॉवेल गुंडाळून वाळूत काढली. एके दिवशी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "विकास कुठवर आला?" उत्तर म्हणून ओटीवर सावलीत पाय पसरून बसलेल्या आईचा फोटो पाठवायचं ठरवलं.

फोटोपुरती काठी खाली ठेवली, तेवढ्यात कावळ्याने बोंबील उचलला. एक नाही, जोडी!