देवघरातला सेन्सर

देवघरातली लाइट पुन्हा गेली. काकू थांबल्या नाहीत. पोथी निरांजनाजवळ सरकवून वाचत राहिल्या, पण शब्द अडखळायला लागले.

देवासमधलं हे घर म्हणजे इंटिरिअर डिझायनर म्हणून माझी पहिली स्वतंत्र साइट. घरमालक काका कारखान्यातून रिटायर झालेले. घर देखणं हवं आणि वीज कमी लागायला हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. मी पॅसेज, जिना, बाथरूम आणि देवघर, सगळीकडे सेन्सर लावले. माणूस आला की लाइट लागते, गेला की दहा मिनिटांनी विझते. देवघरात सागवानी जाळीमागे पिवळसर एलईडी बसवली. फोटो फार छान आले होते.

काकूंच्या सात दिवसांच्या पारायणाचा हा दुसरा दिवस. अध्याय सुरू झाला की मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही. पहिल्या दिवशी तीनदा अंधार झाला, म्हणून मी आज सकाळीच इलेक्ट्रिशियनला घेऊन आले होते.

"भिया, वायरिंग एकदम सही है," तो काकांना म्हणाला.

काका माझ्याकडे वळले. "बेटा, आज ठीक नाही झालं तर घरातले सगळे सेन्सर काढून टाक. ही म्हणते, नव्या घरात अपशकुन होऊन राहिलाय."

सगळे काढायचे म्हणजे नवं सीलिंग जागोजागी उघडायचं. मी ऑफिसातल्या माझ्या सरांना फोन केला. ते धारच्या साइटवर होते.

"तेरी साइट है, तू ही संभाल," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी देवघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले. लाइट लगेच आली. वायरिंग ठीक होतं तर मग? मी तिथेच खाली बसले आणि काकूंकडे बघत राहिले. पाठ ताठ, मांडी घट्ट. हलत होते फक्त ओठ. दहा मिनिटांनी लाइट गेली. मी दचकून उठले आणि लाइट आली.

सेन्सरला माणूस दिसत नाही, हालचाल दिसते. पान उलटण्याइतकी हालचाल त्याला पुरत नाही.

अध्याय संपल्यावर मी म्हणाले, "काकू, चूक माझी आहे. तुम्ही इतक्या स्थिर बसता की सेन्सरला वाटतं, आत कोणी नाहीच."

"अगो बाई! म्हणजे अपशकुन नाही?"

"नाही काकू."

काका हसायला लागले. "हिला कोणी शांत म्हटलं! चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय."

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या, पण हसल्या.

दुपारपर्यंत देवघरातला सेन्सर काढला, साधं बटण बसवलं आणि सीलिंगच्या भोकावर पांढरं झाकण लावलं. बाकीचे सेन्सर जागच्या जागी राहिले. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा दाराबाहेर बसले. काकूंचा अध्याय एका लयीत, न अडखळता पूर्ण झाला. तेव्हा कुठे मला सकाळपासून चहा घेतला नसल्याचं आठवलं.

देवघराचं माप घेताना मी मूर्तींची उंचीसुद्धा मोजली होती. काकू रोज किती वेळ बसतात, हे विचारलं नव्हतं. देवाधर्माचं विचारायला संकोच वाटला. आता प्रत्येक घरी विचारते. आणि तीन वॅटच्या दिव्याला बटण पुरतं.