दुकानाच्या काउंटरवरची बरणी

तुमचं घर घाणेरडं आहे, असं कुणी चारचौघांत तोंडावर म्हटलं, तर तुम्ही काय कराल? हसून सोडून द्याल? मग फिनेलताई तुम्हाला कळायची नाही.

फिनेलताई म्हणजे इस्पितळात फरशा पुसणारी बाई. ऑपरेशनच्या खोलीत तिचं फडकं फिरल्याशिवाय डॉक्टर आत पाय ठेवत नाहीत. हे नाव इस्पितळातल्यांनी चेष्टेनं पाडलं, तिनं ते मेडलसारखं मिरवलं.

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना विरंगुळा म्हणून तिनं त्यांच्या हाताशी, पलंगालगत फिशटँक आणून ठेवला. मासे ठीक होते. मग शोभेला पाणवनस्पतीची एक जुडी आली आणि पाठोपाठ काचेवर मोहरीएवढ्या गोगलगायी. आज चार, उद्या चाळीस. ताईनं रात्री काकडीची चकती पाण्यात सोडायची, सकाळी तिला लगडलेल्या गोगलगायींसकट उचलून फेकायची. तरी त्या हटेनात. शेवटी मासे बादलीत काढले, टँक घासला, खडे उकळले, जाळी उकळली. पुन्हा सगळं भरलं. पंधरवड्यात काचेवर परत तीच फौज!

झाड जिथून आणलं होतं, त्या दुकानात ती गेली. दुकानदार दोन गिऱ्हाइकांसमोर गोड हसला. "ताई, गोगलगायी घाणीत होतात. घर जरा स्वच्छ ठेवत जा."

ताईची कानशिलं तापली. ती तडक घरी आली.

"काय गं, तोंड का असं?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याला त्याच्याच दुकानात तोंडावर पाडते, मग सांगते."

रात्रभर तिच्या डोक्यात एकच चक्र. सगळं उकळलं, मग उरलं काय? झाड! झाड तेवढं उकळता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती काचेची बरणी घेऊन दुकानात हजर. आत उकळून गार केलेलं पाणी.

"तुमच्या हातानं एक जुडी निवडा. चांगली बघून निवडा. यात टाका."

"कशाला?"

"माझं घर घाणेरडं ना? मग ही बरणी तुमच्या स्वच्छ दुकानात राहू दे. तोंडाला फडकं बांधा, वर तुमची चिकटपट्टी, पट्टीवर तुमची सही. माझा हात लागायला नको."

दुकानदाराला गंमत वाटली. "ठेवा की. तुमचंच हसं होईल."

रोज घरी जाताना ताई काउंटरपाशी थांबायची. बघायची. जायची. गिऱ्हाइकं विचारायला लागली, "यात काय आहे हो?" दुकानदार बरणी मागे सरकवायचा, ताई पुढे ओढायची. "सही तुमची आहे, लाजता कशाला?"

आणि एका संध्याकाळी काचेवर ठिपके चालताना दिसले. पानाखाली चिकटलेल्या पारदर्शक अंड्यांतून पिल्लं निघाली होती. रांगेतल्या एका बाईनं हातातली जुडी मुकाट्यानं परत ठेवली.

"गोगलगाय अन् पोटात पाय," ताई म्हणाली. "बरणीतली नव्हे, काउंटरमागची."

"ताई, दुसरं झाड देतो, चालेल?"

"झाड घाला चुलीत. चारचौघांत बोललात, चारचौघांत गिळा."

तो पुटपुटला, "तुमचं घर स्वच्छ आहे."

"मोठ्यानं. सासूबाई घरी आहेत, त्यांना ऐकू गेलं पाहिजे."

तो ओरडला. सगळं दुकान हसलं. ताई नाही हसली. "बरणी इथंच राहील," ती म्हणाली, "गोगलगायी मारायला झाडं तुरटीच्या पाण्यात बुडवून विकायला लागाल तोवर."

घरी आल्यावर तिनं सासूबाईंच्या उशाखालून माशांच्या खाण्याचा डबा ओढून काढला. "आता तुमचा नंबर!"

"मी काय केलं?"

"दिवसभर चिमूट चिमूट टाकता. मासे खातात थोडं, उरलेल्यावर त्या सटव्या पोसल्या जातात. पाहुण्या त्यानं पाठवल्या, जेवणावळ तुम्ही घातलीत."

"हे त्याला सांगितलंस का?"

"मेले तरी सांगणार नाही!"

बरणी अजून काउंटरवर आहे. त्या दुकानात गेलात, तर तुम्हीही मोठ्यानं विचारा, "यात काय आहे हो?" आणि झाड आणलंत, तर आधी तुरटीच्या पाण्यात बुडवा, स्वच्छ धुवा, काही दिवस वेगळं ठेवा. एवढं करा. आणि फरशी पुसणाऱ्या बाईला स्वच्छता शिकवायला जाऊ नका.