व्हरांड्यातला फोन

१५ जून २००७, शुक्रवार. पुण्याच्या प्रकाशकाला भूगोलाच्या पुस्तकाची तपासलेली पानं संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. नकाशांमुळे फाइल जड झाली होती, ती जायला अख्खी दुपार लागणार होती. जेवणं आटोपली, पंखा मोडेमकडे वळवला आणि फोनची तार खाचेतून काढलेलीच आहे ना, ते रोजच्यासारखं पाहिलं. मोडेमची तार वेगळी होती.

आमचं भाड्याचं घर दूर उत्तरेत, मलिहाबादच्याही पुढे, दशहरी आंब्यांच्या बागेत. नवरा आंब्यांवर संशोधन करणारा. मला घरबसल्या मुद्रितं तपासायचं काम मिळालं ते ब्रॉडबँडमुळे, आणि ब्रॉडबँड आलं फोनच्याच जुन्या तारेवरून. एक्स्चेंज लांब, सिग्नल जेमतेम. फोन वाजला की मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकायचा आणि अर्धी गेलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून. लाइनमनने डबी बदलली, तार बदलली, शेवटी म्हणाला, "मैडम, इतनी दूर में इतना ही मिलेगा."

फोन मागच्या व्हरांड्याच्या खिडकीत होता. तिथेच का, ते मालकाने घर देतानाच सांगितलं होतं. शेजारच्या चाचींचे फोन याच नंबरावर येत; त्या बाहेरच्या बाहेर बोलून जात. त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरही हाच नंबर छापलेला, पुढे 'पीपी', म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहून. लग्नानंतर मुलगी जेद्दाला गेली. जावयाला शुक्रवारी सुट्टी, म्हणून फोन शुक्रवारी. मी "चाची, जेद्दा!" अशी हाक मारायची आणि त्या दुपट्टा सावरत, चपला विसरून यायच्या. बागेत मोबाइल लागत नसे, आणि चाचा वारल्यापासून चाची एकट्या बाजारात जात नसत. त्यांच्यासाठी मुलगी म्हणजे तो फोन.

आमचं मात्र फोनवाचून काहीच अडत नव्हतं. निरोप नवऱ्याच्या ऑफिसात यायचे, मी मेल लिहायची. तार काढली की अडायचं ते फक्त चाचींचं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आधी तासभर काढायची, मग दुपारभर. मे महिन्यात काम वाढलं तशी ती परत लावायचंच राहून जाऊ लागलं.

त्यात मुलीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही. चाची रोज कुंपणाशी येत.

"बिटिया, फ़ोन ठीक हुआ?"

"नहीं चाची, लाइन ख़राब है."

"आग लगे इन तारों को! तुम भी कितनी परेशान होगी. मायका इतना दूर."

नवऱ्याने जेवताना एकदा विचारलं, "लाइन अजून किती दिवस खराब ठेवणार आहेस?"

"हे पुस्तक संपेपर्यंत," मी म्हटलं आणि त्याला भात वाढला.

तर त्या शुक्रवारी फाइल निम्मी गेली होती तेव्हा फाटक वाजलं. चाचींचा आवाज आला, "इधर से आओ भैया, पीछे से." त्या लाइनमनला घेऊन आल्या होत्या, कमरेवर दशहरीची टोपली. मी उठले आणि ते व्हरांड्यात पोचायच्या आत तार लावून टाकली.

त्याने रिसीव्हर उचलून कानाला लावला. "चाची, ये तो चल रहा है." मग माझ्याकडे पाहिलं. मी मोडेमकडे पाहिलं.

"तुम्हारी सूरत देखके डर गया मुआ!" चाची खूश. "इतने दिन से मरा पड़ा था." अर्धे आंबे त्याच्या पिशवीत गेले. उरलेले त्यांनी माझ्या ओट्यावर ओतले. "तुमने भी तो झेला है."

लाइनमन गेला. चाची तिथेच पायरीवर बसून राहिल्या. चहा होईपर्यंत फोन वाजला आणि मोडेमचा दिवा विझला.

मुलगा झाला होता, मागच्याच आठवड्यात, ऑपरेशन करून. चाची हसल्या, रडल्या, नाक कोणावर गेलंय ते विचारलं. मग मुलगी सांगेल ते मोठ्याने परत म्हणत राहिल्या. ऑपरेशनला नेण्याआधी मुलीने फोन लावला होता. वाजत राहिला, कोणी उचललाच नाही.

"घंटी जा रही थी?" चाचींनी विचारलं. तार काढलेला फोन पलीकडच्याला वाजत असल्यासारखाच ऐकू येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. "नहीं बेटा, अम्मी ऐसा क्यों करेगी... ख़राब लाइन में ऐसा ही होता होगा. पड़ोस वाली बिटिया ने तो बहुत कोशिश की."

रिसीव्हर ठेवताना त्यांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं नाही. चहा न पिताच गेल्या. मी आंबे पाण्यात टाकले. मोडेम पुन्हा सुरू केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला मेल लिहिली की पानं उशिरा मिळतील आणि यापुढे शुक्रवारी मी काम घेणार नाही. फोनची तार खाचेत घट्ट बसवून वर काळी टेप गुंडाळली. आमच्या फोनवरून परदेशात फोन लागत नसे, म्हणून चाचींना घेऊन टेंपोने मलिहाबादच्या पीसीओवर गेले. काचेच्या खोक्यात आम्ही दोघी कशाबशा मावलो. नंबर मीच फिरवला. मुलीने उचलल्यावर रिसीव्हर चाचींकडे देण्याआधी मी तिला सांगितलं, "घंटी यहाँ बजी ही नहीं थी. अम्मी को किसी ने बुलाया ही नहीं. तार मैंने निकाली थी."