समोरचे चार दात

सामानाचा ट्रक आदल्या दिवशीच गेला होता आणि आत्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. मधला अख्खा शनिवार रिकामा. एकतीस वर्षांत असा दिवस मिळाला नसल्यामुळे तो घालवायचा कसा, हे आत्याला अजिबात ठाऊक नव्हतं. सकाळी सहाला उठून तिने रिकाम्या खोल्या दोनदा झाडल्या. मी हातातून झाडू काढून घेतला, तेव्हा कुठे ती थांबली.

माझी आत्या दात करते. डॉक्टर नाही हं. डॉक्टर पुढच्या खोलीत बसून पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात. तो मागच्या खोलीत आला की आत्या त्यात प्लॅस्टर ओतून जबडा बनवते आणि त्यावर बसतील असे दात घडवते, रंगवते, भट्टीत भाजते. मधलं दार कायम बंद, कारण मागचा पसारा पेशंटला दिसता कामा नये, ही डॉक्टरांची शिस्त. त्यामुळे हजारो लोकांचे दात करूनही त्यातलं एकसुद्धा तोंड आत्याने पाहिलेलं नव्हतं. काम बिघडलं की जबडा परत यायचा. चांगलं झालं की काहीच यायचं नाही.

आता दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेने तिला हेच काम शिकवायला बोलावलं होतं. सोमवारपासून बारा मुली तिच्यापुढे बसणार होत्या. मला वाटत होतं की सगळा आनंदीआनंद आहे. पण चहा पिता पिता आत्याने मनातलं सांगून टाकलं.

"एखादीने विचारलं, बाई, तुमचे दात तोंडात कसे दिसतात, तर काय सांगू गं? मला माहीतच नाही. माणूस हसला की ते खरे वाटतात की बसवलेले? मी आपली प्लॅस्टरवर बघून खूश. असल्या बाईने शिकवायला जावं का?"

"अगं, एकतीस वर्षं लोक येतायत ना?"

"डॉक्टरांकडे येतात. माझ्याकडे कोण येतंय?"

हे ती अगदी साधेपणाने म्हणाली, म्हणून मला जास्तच लागलं. मी म्हटलं, ऊठ, चप्पल घाल. आज दिवसभर भटकायचं आणि लोकांची तोंडं बघायची. एवढ्या मोठ्या शहरात तुझं एक तरी गिऱ्हाईक सापडेल.

आत्याला ही कल्पना नको तितकी आवडली. बसमध्ये ती समोरच्यांच्या चेहऱ्यात चेहरा घालून बघायला लागली. चपलांच्या दुकानात तर तिने कहरच केला. दुकानदार हसून पुढे आला, आणि आत्या चपला सोडून म्हणाली, "वा! काय सुबक काम आहे! कुठे बसवलेत?"

दुकानदाराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, जन्मापासूनचे आहेत माझे!"

"जन्मापासून कसे असतील? हे समोरचे सहाव्या-सातव्या वर्षी येतात."

मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं, पण आत्याचा चेहरा पडला होता. चार वाजेपर्यंत आम्ही वाचनालय पाहिलं, बाजार पाहिला, एका बाकावर चक्क डुलकी काढली. खऱ्या अर्थाने सुट्टी झाली, पण आत्याचा एकही दात सापडला नाही. "जाऊ दे," ती म्हणाली, "पाय दुखले."

बागेतून घरी जायचं म्हणून वळलो, तर कारंज्याजवळ एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजींच्या हातात मक्याचं कणीस होतं आणि त्या समोरच्या दातांनी ते पटापट सोलून काढत होत्या. आजोबा काहीतरी बोलले आणि आजी तोंडभर हसल्या.

आत्याने माझा हात इतका घट्ट दाबला की मी ओरडणारच होते.

"वरचा, डावीकडचा दुसरा. जरा वळलाय बघ. हे माझे चार," ती कानात कुजबुजली. "जिन्यावरून पडल्या होत्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, चौदा दिवसांत हवेत, नवरा मुलाकडून परत यायच्या आत. सोबत तरुणपणचा फोटो. त्यात तो दात वळलेला, म्हणून मी वळलेलाच केला. डॉक्टर म्हणाले, सरळ कर. नाही केला."

मी अडवायच्या आत ती बाकापाशी पोचली. "काकू, दात फार छान आहेत हो तुमचे!"

आजींचा हात चटकन तोंडावर गेला. त्यांनी आत्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा आत्याकडे. आत्याने 'हे मीच केलेत' एवढं म्हणायचा अवकाश, आजींचं गुपित फुटलं असतं, आणि एकतीस वर्षं ती नेमकं तेवढंच म्हणायची वाट बघत होती.

"माझे स्वतःचेच आहेत," आजी हळूच म्हणाल्या.

"तर काय!" आजोबा खुलले. "बाई, पहिल्यांदा भेटलो तेव्हा ही हसली आणि तो वाकडा दात दिसला. तिथेच आपली विकेट पडली. बावन्न वर्षं झाली, अजून तोच दात, अजून तस्साच. रोज बघतो मी."

आत्याचे डोळे भरून आले. इतका आनंद मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

"बघा, बघा," ती म्हणाली. "असा दात सगळ्यांना नाही मिळत."

आजींनी हात खाली घेतला आणि आत्याचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

"तुम्ही काय करता?" आजोबांनी विचारलं.

"मी शिकवते," आत्या म्हणाली.

शिकवणं अजून सोमवारी सुरू व्हायचं होतं. आम्ही बागेच्या फाटकातून बाहेर पडलो. आत्या मान ताठ करून, दुखऱ्या पायांनी माझ्या पुढे पुढे चालत होती. मग एकदम थांबली.

"बाराच मुली?" ती म्हणाली. "वीस असत्या तरी चाललं असतं की गं."