मुद्देमाल क्रमांक एक: होम थिएटर

घटनाक्रम प्रथम नोंदवतो. मे महिन्यातला तिसरा शनिवार, सायंकाळी सव्वासहा: आमच्या घरासमोरील मैदानातल्या कडुलिंबावर वीज कोसळली. पावसाचा एक थेंबही पडला नाही. त्याच दिवशी साडेसहा: आमच्या दिवाणखान्यातील होम थिएटर कायमचे मुके झाल्याचे निदर्शनास आले. सोमवार, टपाल कार्यालय उघडताच: माझी पहिली चार पत्रे पोचपावतीसह रवाना.

जबाबदार ते असे: एक, वीजपुरवठा करणारे कार्यालय. दोन, संच विकणारा दुकानदार. तीन, गच्चीवर डिश बसवणारा इसम. चार, आमच्या गृहनिर्माण सोसायटीचे विद्यमान व्यवस्थापन. पाचवे नाव त्या वेळी मला ठाऊक नव्हते.

मी न्यायालयाच्या कचेरीत छत्तीस वर्षे काढली. त्यामुळे पुरावा कसा जपावा, हे मला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. जळलेला ॲम्प्लिफायर, मधला स्पीकर आणि ढोलासारखा घुमणारा तो वूफर मी पांढऱ्या चादरीत बांधले, गाठीवर लाख ओतली आणि वर चिठ्ठी लावली: "मुद्देमाल क्रमांक एक. हात लावू नये." गाठोडे दिवाणखान्याच्या मधोमध राहिले. पत्नी त्याला वळसा घालून केर काढू लागली.

"अहो, नवीन कधी आणायचं?" तिने दुसऱ्याच दिवशी विचारले.

"जबाबदारी निश्चित झाल्यावर. आज आपण नवीन आणले, तर प्रतिपक्ष म्हणेल, यांचे काही अडले नव्हते."

"पण माझं अडलंय."

हे खरे होते, आणि ते मला तेव्हाही कळत होते. गेल्या काही वर्षांत तिला कमी ऐकू येऊ लागले आहे. कानात यंत्र घालायला ती तयार नाही. म्हणते, त्यात माणसांपेक्षा पंखाच जास्त बोलतो. मात्र त्या मधल्या स्पीकरमधून पात्रांचे संवाद निघत, आणि तो तिच्या खुर्चीसमोर हातभर अंतरावर ठेवला की तिला शब्दन् शब्द कळे. दर रविवारी दुपारी चार वाजता ती शेजारच्या पाच-सहाजणींना बोलावून नाटकाचे चित्रीकरण लावी. सुरुवातीला देवघरातली घंटा आणून नाट्यगृहासारखी तीनदा वाजवी. तिसऱ्या घंटेनंतर येणाऱ्यास प्रवेश नाही, हा नियम मीच लिहून दारावर लावला होता. मध्यंतरात शेंगाचटणी लावलेले पोहे आणि चहा.

वीज पडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी घंटा वाजली नाही. दुसऱ्या रविवारी तिने नुसत्या टीव्हीवर नाटक लावून पाहिले. टीव्ही वाचला होता, पण त्याचा आवाज डब्यात बंद केलेल्या माशीसारखा. ती माझ्याकडे वळली.

"काय म्हणाला तो?"

"त्याने विवाहास नकार दिला."

"एवढा वेळ बोलत होता की! आणि ती हसली का?"

"कारण नकाराचे कारण तिला सबळ वाटले नाही."

"तुम्ही निकाल सांगता हो," ती रिमोट माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली. "मला बोलणं ऐकायचं असतं." आणि उठून लोणच्याच्या फोडी पाहायला गेली.

त्यानंतर रविवारी चारच्या सुमारास तिला काहीतरी काम निघू लागले. मैत्रिणी फाटकातूनच विचारून परत जात. माझ्या पत्रांची संख्या अकरावर गेली. उत्तर एकाचेही नाही. संताप मला आयुष्यभर पथ्यकर ठरला आहे. त्या महिन्यात माझी भूक उत्तम होती, झोप गाढ होती. परंतु घरात एक माणूस दिवसेंदिवस कमी बोलू लागले होते.

पाचव्या आठवड्यात मी एका मेकॅनिकला बोलावले. दुरुस्तीसाठी नव्हे. वीज कोणाच्या हलगर्जीमुळे घरात शिरली, याचा लेखी दाखला मला हवा होता. तो मंद्रूपहून मोटारसायकलवर आला. पन्नाशीचा, गळ्यात टॉवेल, खिशात टेस्टर. चादरीवरची लाख पाहून तो जरा मागे सरकला.

"काका, आत काय मयत हाय का काय?"

"पुरावा आहे. सील मी तुमच्यासमक्ष तोडतो."

त्याने यंत्रे उघडली, वास घेतला, मान हलवली. मग मीटर पाहिला, आणि सरळ अंगणात जाऊन फाटकाजवळच्या अर्थिंगच्या खड्ड्याचे झाकण उचकटले. घरात शिरलेली जादा वीज जमिनीत उतरवणारी तार या खड्ड्यात पुरलेली असते. भोवती मीठ आणि कोळसा. ही जागा कायम ओली लागते, एवढे मलाही माहीत होते. पाऊस अजून लांबलेला, आणि आत विटकरीसारखी कोरडी ढेकळे होती.

"लई दिवस पाणी न्हाय की ओ ह्यात! हे असलं वाळलं तर वीज जाणार कुटं? तुमच्या स्पीकरात बसली येऊन. कोण घालायचं पाणी?"

"मी," मागून पत्नी म्हणाली. हा प्रश्न तिला स्पष्ट ऐकू आला होता. "रोज एक बादली. मग नोटीस लागली."

"कसली नोटीस, काकू?"

ती आत गेली आणि माझीच फाइल घेऊन आली. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते. फेब्रुवारीत मी सोसायटीचा मानद सचिव असताना टंचाई लक्षात घेऊन एक कडक नोटीस काढली होती. एप्रिलमध्ये मी तत्त्वाच्या प्रश्नावर राजीनामा दिला, पण नोटीस कायम राहिली. पत्नीने ती मोठ्याने वाचली: "कुंड्या, अंगणे, पायऱ्या, वाहने व खड्डे यांवर पाणी ओतण्यास सक्त मनाई आहे. ही नोटीस सर्व सभासदांस, तसेच सचिवांच्या कुटुंबीयांस, अपवादाविना लागू राहील."

'खड्डे' हा शब्द मी दुसऱ्या मसुद्यात घातला होता. परिपूर्णतेसाठी.

मेकॅनिकने टॉवेलने तोंड पुसले. बहुधा हसू पुसले. "मग काका, दाखला कुणाच्या नावानं लिवू?"

मी त्याच्या हाती कोरा कागद दिला. नंतर माझे पूर्ण नाव सांगितले आणि खाली तारीख घालण्याची आठवण केली.

त्याच दुपारी आम्ही बाजारात गेलो. दुकानदार, म्हणजे जबाबदार क्रमांक दोन, मला पाहून काउंटरमागे ताठ झाला. पण मी आधी लेखी दिलगिरी दिली आणि मग संच मागितला. त्याने एका गाण्याने दुकानाच्या काचा हलवल्या.

"ढोल नको," पत्नी म्हणाली. "बोलणारं माणूस ऐकवा."

त्याने जुने विनोदी नाटक लावले. ती मधल्या स्पीकरसमोर स्टूल ओढून बसली, डोळे मिटले आणि एका वाक्याला माझ्या आधी हसली. मला ते वाक्य नीट कळलेही नव्हते. मी पसंती कळवली.

मेकॅनिकने नवा संच जोडला, खड्ड्यात ताजे मीठ-कोळसा भरले. तांदूळ धुतलेले पाणी आता रोज तिथे जाते. तशी सुधारित नोटीस मी व्यवस्थापनाकडे मसुद्यासह धाडली आहे. उरलेल्या तिघांना माघारीची पत्रे गेली. वीज कार्यालयातून तर दूरध्वनी आला: "साहेब, तक्रार मागं घेणारे तुम्ही पहिलेच. अजून काही पाठवणार का?"

पुढच्या रविवारी पाच-सहाजणी जमल्या. दुसऱ्या घंटेनंतर मी उभा राहिलो आणि माझा कबुलीजबाब वाचून दाखवला, नोटिशीतील संबंधित शब्दासह. "वहिनी," एक शेजारीण म्हणाली, "ह्यांचं हे नाटक दोन अंकी आहे का तीन?" सर्वांत मोठ्याने हसली ती आमची मंडळी. मी विनातक्रार खाली बसलो.

तथापि एक मुद्दा शिल्लक आहे. नोटिशीच्या त्या कागदावर हळदीच्या बोटाचा ठसा आहे. आमच्या घरी हात असे हळदीने माखतात ते फक्त लोणच्याच्या आठवड्यात, आणि लोणचे वीज पडल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मुरत घातले होते. अर्थात, माझ्या पत्नीने तो कागद त्याच आठवड्यात शोधून वाचला होता. म्हणजे वीज घरात का शिरली हे तिला तेव्हाच कळले होते, आणि तरीही तिने मला पुढची सात पत्रे पाठवू दिली. तीही स्वतःच्या रविवारांची किंमत देऊन. टपालाची तिकिटे तिनेच चिकटवली.

जबाबदार क्रमांक पाच मी स्वतः आहे, आणि मी जाहीर उत्तर दिले आहे. आता क्रमांक सहाची पाळी. तिने हे का केले, याचा खुलासा येत्या रविवारी, सर्व शेजारणींसमक्ष, तिसरी घंटा वाजण्यापूर्वी, मला ऐकू जाईल अशा आवाजात करावा.